डाव्या खांद्याचे टाके

सोफ्याचं माप घ्यायला गेले होते
सिव्हिल लाइन्समध्ये, डोरले वकिलांच्या बंगल्यावर.
तीन अधिक दोन, मरून रेक्झिन, फोम जुनाच ठेवायचा.
टेप धरून वाकले, मान वर केली,
तर भिंतीवर सांबर.

डोकं नव्हतं. डोकं म्हणे वाळवीनं नेलं.
नुसती पाठ पसरलेली, चार बाजूंना चार पाय,
मानेचे केस विरळ, वास डांबरगोळ्यांचा.
"बहात्तरच्या आधीचं आहे हं," सूनबाई घाईनं म्हणाल्या,
"कागद आहे आमच्याकडे."

कातडं हाय थे, कागद नोहोय,
बाबा म्हणायचे.
लटारी मसराम, शिकार कंपनीतले,
महिना साठ रुपये आणि मानेचं मटण.

देवलापारच्या पुढं, पूस महिना.
नाल्याच्या वाळूवर पळसाची पानं, त्यावर जनावर उताणं.
शिकारी जीपच्या बॉनेटवर कप ठेवून चहा पीत.
मी दहा वर्षांची. कंदील धरायला.

पहिला चीर हनुवटीपासून शेपटीपर्यंत,
धार आकाशाकडं, म्हणजे केस कापत नाहीत
आणि पोट फुटत नाही.
मग पायांच्या आतनं, जिथं केस रंग बदलतात त्या रेघेनं.
"ठेव आता सुरी. मुठीनं काढ.
सुरीले घाई असते, मुठीले नसते."

बाहेर दव, आणि आत मनगटापर्यंत ऊब.
कातडं सुटताना ओला आवाज यायचा,
दुकानात नवं ठाण उलगडतात तसा, पण हळू.
मला तो आवडायचा.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रात्री मी सुरी ठेवली नाही.
डाव्या खांद्याशी कातडं पातळ असतं,
मला ठाऊक होतं.
दोन बोटांची फट पडली, तिच्यातून कंदिलाचा उजेड आला.
बाबांनी फटीकडं पाहिलं. मग जीपकडं.
मग मला म्हणाले, मीठ आण.

बारीक कुटलेलं मीठ, अर्धं पोतं.
कान उलटे करून कानात, ओठ चिरून ओठांत,
शेपटीचं हाड ओढून काढून तिथं.
जिथं मीठ पोचत नाही, तिथले केस चार दिवसांत हातात येतात.
मांसाच्या बाजूवर मांसाची बाजू, घडी उतारावर,
रात्रभर पाणी गळू द्यायचं.
दुसऱ्या दिवशी झटकून पुन्हा मीठ. सावली. ऊन नाही,
ऊन लागलं की कातडं पत्रा होतं.
पुढं गड्डीगोदामच्या खोलीमागं
हिरडा, बाभळीची साल, तुरटी,
आणि आईची सगळ्या भांड्यांवरून कटकट.

फट बाबांनी कधी शिवली, मी पाहिलं नाही.

"खाली काढून झटकून देता का जरा?" सूनबाई म्हणाल्या.
स्टूल घेतलं. चार खिळे.
उजव्या बरगडीवर गोळीचं भोक,
त्याभोवती पितळी कडं बसवलेलं, घासून चमकवलेलं.
"पाहुणे बोट घालून बघतात," त्या हसल्या,
"आजेसासऱ्यांचा एकच बार."

मी पाठ उलटी केली.
डाव्या खांद्याशी सात टाके,
तांतीचे, त्याच जनावराच्या पाठीतून काढलेल्या,
केसांच्या बाजूनं सुईचा मागमूस नाही.
बोट फिरवलं. आठवा टाका अर्धाच होता,
तिथं तांत संपली असावी.

"फाटलंय का कुठं?"
नाही म्हटलं. दक्षिणेच्या भिंतीला नका लावू,
दुपारचं ऊन येतं.
सोफ्याचे साडेनऊ हजार, नेण्याआणण्याचे वेगळे.
झटकण्याचे काही नाही.

खाली येऊन स्कूटीची चावी शोधत राहिले पर्समध्ये.
चावी हातातच होती.
बोट जिभेला लावून पाहिलं.
मीठ कसलं असणार आता,
धूळ होती.